अहंतेचा धूप

आपल्या बोरगाव, सौसर, पांढुर्णा परिसरातील बहुतेक दवाखान्यांत सकाळी पाऊल टाकले, की औषधांच्या वासाआधी उदबत्तीचा वास येतो. तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात एक लहानसे देवघर असते. कुठे गजानन महाराज, कुठे मारुती, कुठे विठ्ठल-रखुमाई, तर कुठे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तसबीर. डॉक्टर येतात, उदबत्ती लावतात, क्षणभर डोळे मिटून हात जोडतात आणि खुर्चीवर बसतात. बसल्याबरोबर चित्र उलटे होते. आतापर्यंत ते कोणापुढे तरी वाकले होते. आता त्यांच्यापुढे वाकणाऱ्यांची रांग सुरू होते. म्हातारी बाई चौकटीतूनच हात जोडते, शेतकरी पायाला हात लावायला पाहतो, कोणी म्हणते, 'डॉक्टरसाहेब, आमच्यासाठी तुम्हीच देव.' उदबत्ती अजून पुरती जळालेलीही नसते, तोच आपण पूजकाचे पूज्य झालेले असतो.

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळींनी सुचविले, तेव्हा प्रथम हेच दृश्य डोळ्यांपुढे उभे राहिले. रोज शेकडो नमस्कार स्वीकारणाऱ्या माणसाने त्या नमस्कारांचे करावे तरी काय? ते नाकारणे शक्य नसते, कारण त्यामागे रुग्णाची श्रद्धा असते आणि श्रद्धेचा अव्हेर हाही एक प्रकारचा उद्धटपणाच ठरतो. ते स्वीकारून मनात साठवत गेले, तर दहा-वीस वर्षांत मनाचे काय होते, हे आपण आपल्या व्यवसायबंधूंमध्ये आणि प्रामाणिकपणे पाहिले तर स्वतःमध्येही पाहतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मानसपूजेच्या जुन्या परंपरेकडे वळावे लागले. हा प्रवास पंडिताचा नाही. एका चुकलेल्या वैद्याचा आहे, एवढे आरंभीच नमूद करतो.

मानसपूजा म्हणजे काय?

मूर्ती, फुले, गंध, नैवेद्य यांपैकी कोणतीही वस्तू समोर नसताना केवळ अंतःकरणात केलेली पूजा म्हणजे मानसपूजा. आद्य शंकराचार्यांच्या नावावरील शिवमानसपूजा स्तोत्र प्रसिद्ध आहे. समर्थ रामदासस्वामींनीही मानसपूजेवर रचना केली आहे. परंतु मराठीतील या विषयाचे सर्वांत हृद्य वर्णन मला ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी आढळते. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात ज्ञानदेव गीतेच्या श्लोकाला हात घालण्यापूर्वी सद्गुरूंची पूजा मांडतात, आणि ती संपूर्ण पूजा मनातच मांडतात.

स्वतःच्या हृदयाचा ते चौरंग करतात आणि त्यावर श्रीगुरूंची पाउले स्थापन करतात. सर्व इंद्रियांच्या कळ्या ऐक्यभावाच्या ओंजळीत घेऊन अर्घ्य देतात. प्रेमाचे सोने शुद्ध करून त्याचे नूपुर त्या पायांत घालतात. मग धुपाची वेळ येते. तेथे ते जाळतात 'अहं', म्हणजे 'मी'पणा. आणि ओवाळण्यासाठी ज्योत लावतात ती 'नाहं'ची, 'मी नाही' या भावाची. शेवटी आपला देह आणि प्राण या दोहोंच्या पादुका करून त्या गुरुचरणी अर्पण करतात.

ज्ञानदेवांनी अहंकारासाठी पूजेतला नेमका धूपच का निवडला, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो. अहंकाराचे फूल करून वाहता आले असते, फळ करून नैवेद्य दाखविता आला असता. एके दिवशी घरच्या पूजेनंतर प्रसाद हातावर घेताना उत्तर सुचले. पूजेत आपण देवाला जे वाहतो, त्यातले बरेचसे आपल्याकडे परत येते. फूल प्रसाद म्हणून केसांत माळले जाते, नारळ फोडून वाटला जातो, पेढा पुन्हा आपल्याच मुखात पडतो, अभिषेकाचे पाणी तीर्थ होऊन ओंजळीत येते. धूप मात्र परत येत नाही. तो जळतो आणि संपतो. सुगंध सर्वांना मिळतो, पण तो वाहणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. उरलीच तर चिमूटभर राख, जी आपण अंगारा म्हणून कपाळी लावतो.

आपण अहंकाराचा त्याग करतो तेव्हा बहुधा तो फुलासारखा वाहतो. वाहतो आणि 'पहा, मी किती नम्र आहे' या प्रसादाच्या रूपाने तो परत घेतो, पूर्वीपेक्षा अधिक सुगंधी करून. ज्ञानदेवांना हे ठाऊक असावे. म्हणून अहंकाराची योजना त्यांनी पूजेतल्या परत न येणाऱ्या वस्तूच्या जागी केली, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. तो शास्त्राला मान्य होईल की नाही, हे जाणत्यांनी ठरवावे.

एका पहाटेची गोष्ट

हे सारे विवेचन मला पुस्तकातून उमगले असते तर बरे झाले असते. ते उमगले एका रुग्णामुळे आणि त्याहून अधिक एका मावशीमुळे.

पावसाळ्याचे दिवस होते. संत्र्याच्या बागेत रखवालीला असलेला एक तरुण मजूर पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन आला. दोनदा उलटी झाली होती. ताप नव्हता, पोट मऊ होते, अंगावर कोठे जखम नव्हती. रात्रभराच्या जागरणाने मी थकलो होतो. आम्लपित्त समजून इंजेक्शन दिले, सकाळपर्यंत पडून राहू दे म्हणून सांगितले आणि आत जाऊन आडवा झालो.

थोड्या वेळाने वॉर्डातील मावशी दाराशी आली. 'डॉक्टरसाहेब, हा डोये उघडून नाही राहिला जी. रात्री खालीच निजला होता म्हणते.' मी म्हणालो, 'झोप आली असेल त्याला. इंजेक्शन दिले आहे.' ती गेली, पण पुन्हा आली. 'झोप नाही वाटत जी. बोलनं बी बदललं त्याचं.' यावर मी जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. 'मावशी, येथे डॉक्टर तुम्ही आहात की मी?'

ती गप्प झाली. मी मात्र झोपू शकलो नाही. ती नाराज झाली असेल म्हणून नव्हे. खाली झोपला होता हे शब्द मनात रुतून बसले होते. उठून पाहिले तेव्हा दोन्ही पापण्या अर्ध्याहून अधिक खाली आल्या होत्या, आवाज गेंगाणा झाला होता, तोंडात लाळ साचत होती. मण्यारीचा दंश. वैद्यकाच्या पुस्तकात विद्यार्थिदशेपासून वाचलेले वर्णन. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, वेदना जवळपास नसते, पहाटे पोटात दुखते आणि मग पापण्या उतरतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. हे सारे मला पाठ होते. मावशीला यातले एक अक्षर पाठ नव्हते. तिने फक्त रुग्णाकडे पाहिले होते.

सर्पविषावरील लस दिली, श्वास मंदावत गेला तसा नळी घालून पिशवीने श्वास देणे सुरू केले, आणि नागपूरच्या रस्त्याने निघालो. वाटभर ती पिशवी आळीपाळीने दाबावी लागली. माझे हात भरून आले की मावशी दाबत होती. मुलगा वाचला. काही दिवस कृत्रिम श्वसनयंत्रावर राहून घरी गेला.

खरी गोष्ट यानंतरची आहे. महिन्याभराने तो तरुण आईला घेऊन आला. सोबत संत्री नव्हती, त्यांचा मोसम नव्हता. घरच्या गाईच्या तुपाची बरणी होती. दोघांनी माझ्या पायावर डोके ठेवले. आई म्हणाली, 'तुम्ही देवासारखे धावून आले जी.' मावशी तेथेच फरशी पुसत होती. मी एका वाक्यात सांगू शकलो असतो की हा नमस्कार तिचा आहे. मी सांगितले नाही. मी तो नमस्कार ठेवून घेतला.

त्या रात्री नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसलो. मनात चौरंग मांडला, परंतु त्यावर कोणाचीही मूर्ती येईना. पिशवी दाबणारे मावशीचे दोन हात तेवढे दिसत राहिले. पूजेत दुसऱ्याची वस्तू वाहत नाहीत, हे आपण लहानपणी शिकतो. मी वाहत होतो तो नमस्कारच चोरीचा होता.

सर्वांसमक्ष मावशीला ते सांगायला मला पुढे आठ दिवस लागले. चूक कळायला एक रात्र पुरली होती. ती उच्चारायला आठवडा. अहंकाराचे वजन मोजायचे झाले तर या दोन काळांतील अंतराने मोजावे. मावशी एवढेच म्हणाली, 'मले दिसलं म्हनून सांगितलं जी.'

थापटण्याची परीक्षा

या प्रसंगानंतर संत नामदेवांची कथा मी नव्याने वाचली. नामदेव हे पांडुरंगाचे लाडके. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो, अशी ख्याती. परंपरा सांगते की गोरोबा काकांच्या घरी तेर येथे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने तेथील थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने वाजवून कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग आमचीही परीक्षा करा, असे ठरले. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. सारे शांत बसून राहिले. नामदेव मात्र दुखावले, रागावले. गोरोबांनी निर्वाळा दिला की हे मडके कच्चे आहे. सर्वांत मोठ्या भक्ताला, सर्वांसमक्ष, एका कुंभाराने कच्चे ठरविले.

नामदेव तक्रार घेऊन पंढरीस गेले, तेव्हा देवानेही गोरोबांचीच बाजू घेतली आणि गुरू करण्यास सांगितले. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले दिसले. नामदेवांनी हटकले, तेव्हा विसोबा म्हणाले की देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून नेतील तेथे देवच दिसू लागला. देव पंढरीच्या विटेवरही होता आणि त्या विटेपुरता मर्यादितही नव्हता, हा बोध झाला. बाहेरची पूजा आत वळली. पुढे हेच नामदेव उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. आणि इसवी सन 1350 मध्ये त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारातील पायरीखाली समाधी घेतली, जेणेकरून येणाऱ्या प्रत्येक भक्ताची पायधूळ लागावी. थापटण्याचा एक आघात सहन न झालेला माणूस अखेर असंख्यांच्या पावलांखाली आनंदाने जाऊन बसला. अहंकार जळाल्याचे याहून ठळक प्रमाण मला ठाऊक नाही.

आपण डॉक्टर मंडळींनी या कथेकडे आणखी एका दृष्टीने पाहावे. वाजवून परीक्षा करणे ही तर आपलीच विद्या आहे. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकून आतील पोकळी की पाणी हे ओळखण्याची पद्धत लिओपोल्ड औएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने शोधली. तो ग्राझ येथील एका खानावळवाल्याचा मुलगा. पिपे ठोकून त्यांत द्रव कोठवर आहे हे ओळखतात, ते त्याने लहानपणी पाहिले होते असे सांगतात. सात वर्षे निरीक्षणे करून त्याने 1761 साली आपला छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. मत्सर आणि उपहास वाट्याला येणार हे त्याने प्रस्तावनेतच ओळखले होते. प्रत्यक्षात त्याहून वाईट घडले. व्हिएन्नातील बड्या वैद्यांनी त्याची दखलच घेतली नाही. पिपे ठोकणाऱ्याची विद्या रुग्णशय्येपाशी आणण्यात त्यांना कमीपणा वाटला असावा. या उपेक्षेत सुमारे अर्धे शतक गेले.

मग नेपोलियनचा राजवैद्य कोर्विझार याच्या हाती तो ग्रंथ पडला. त्याने अनेक वर्षे ही पद्धत वापरली, तिचा विस्तार केला आणि 1808 साली फ्रेंच भाषांतर टीकेसह प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत त्याने अशा अर्थाचे लिहिले आहे की ही विद्या स्वतःच्या नावावर खपविणे मला सहज शक्य होते, पण त्यामुळे मूळ शोधकाचे नाव पुसले गेले असते. औएनब्रुगर तेव्हा हयात होता. पुढच्याच वर्षी, 1809 मध्ये तो वारला. कोर्विझारचाच शिष्य लाएनेक याने 1816 साली स्टेथोस्कोप शोधला. जो स्टेथोस्कोप गळ्यात घालून आपण ताठ चालतो, त्याच्या वंशावळीत एका थोर वैद्याचा हा विनय आहे. कोर्विझारने जे केले ते करायला मला आठ दिवस लागले होते.

पूजेचा वेष घेतलेला अभिमान

अहंकार केवळ ज्ञानातून येतो असे नाही. तो पूजेचा वेषही घेतो. आपल्या भागात याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड झेंड्यासह रोवले जाते आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. झेंडा अखेर चंडीमातेच्या चरणी जातो. आरंभ देवीच्या नावाने, शेवट देवीच्या चरणी. मध्ये मात्र शेकडो डोकी फुटतात, काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. ज्यांनी त्या दिवशी टाके घातले आहेत त्यांना ठाऊक आहे की या काठच्या आणि त्या काठच्या रक्तात काडीचा फरक नसतो. आपल्या काठाचा अभिमान देवीला वाहिला जातो खरा, पण तो फुलासारखा वाहिला जातो. पुढच्या पोळ्यापर्यंत प्रसाद म्हणून जपून ठेवला जातो.

परंतु गोटमारीला नावे ठेवणे आपल्याला सोपे आहे, कारण तो अभिमान दुसऱ्यांचा असतो. आपला अभिमान जरा निराळ्या ठिकाणी प्रकट होतो. सौसरजवळ जामसावळीचा मारुती आहे. तो उभा नाही, पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. मूर्तीखालचे धन चोरट्यांच्या हाती लागू नये म्हणून मारुतीराय स्वतःच आडवे झाले, अशी आख्यायिका लोक सांगतात. मनाच्या आजाराने ग्रस्त माणसांना घेऊन कितीतरी कुटुंबे तेथे येतात, दिवसचे दिवस राहतात. ती माणसे पुढे आपल्याकडेही येतात. तेव्हा आपण त्यांना कसे विचारतो? 'अगोदर तिकडे गेला असाल!' या वाक्यातील उपहास रुग्णाच्या आईला तत्काळ कळतो. ती पुढच्या वेळी ती गोष्ट लपविते. कोणाचे औषध मध्येच का सुटले, किती दिवस सुटले, हे आपल्याला कधीच कळत नाही. आपल्या अभिमानाची किंमत रुग्ण मोजतो ती अशी.

उपचारांविषयीच्या आपल्या शास्त्रीय मतात तडजोड करावी, असे मी मुळीच म्हणत नाही. औषध वेळेवर आणि नियमित घ्यायलाच हवे, हे ठामपणे सांगणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु 'दर्शनाला जात असाल तर जरूर जा, गोळी मात्र चुकवू नका' असे म्हटले की आई सर्व काही मोकळेपणाने सांगू लागते. जामसावळीच्या मारुतीचे दर्शन मान वर करून घेता येत नाही, खाली वाकूनच घ्यावे लागते. रुग्णाच्या मनाचे दर्शनही तसेच आहे.

नम्रता म्हणजे दुबळेपणा नव्हे

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. डॉक्टर नम्रच होऊन बसला तर निर्णय कोण घेणार? शस्त्र हाती घेतलेल्या सर्जनचा हात 'मी कोण?' या विचाराने थरथरू लागला तर? शंका योग्य आहे. आत्मविश्वास आणि अहंकार या दोन वस्तू भिन्न आहेत. 'मला हे येते' हा आत्मविश्वास. 'मलाच हे येते' हा अहंकार. पहिल्यावाचून व्यवसाय करता येत नाही, दुसऱ्यासह तो सुरक्षितपणे करता येत नाही.

आधुनिक वैद्यकाला हे आकड्यांनी पटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी 19 मुद्द्यांची एक तपासणी सूची प्रसिद्ध केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला आणि जानेवारी 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शेकडा 1.5 वरून 0.8 वर आणि गुंतागुंत शेकडा 11 वरून 7 वर आली. या सूचीत कोणतेही नवे औषध अथवा यंत्र नव्हते. छेद घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे, खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, रुग्ण कोण, जागा कोणती, शस्त्रक्रिया कोणती हे सर्वांनी मिळून पडताळावे, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. नाव उच्चारल्यावर परिचारिकेला तोंड फुटते. चूक दिसली तर ती बोलू शकते. माझ्या दारात दोनदा आलेल्या मावशीला मी जी जागा दिली नाही, ती जागा ही सूची नियमाने देते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. त्यांत पहिले लक्षण अमानित्व, दुसरे अदंभित्व. ज्ञानाच्या यादीत विद्वत्तेला पहिले स्थान नाही, हे आपल्यासारख्या पदव्यांच्या पाट्या लावणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. ज्ञानदेव सांगतात की असा पुरुष बृहस्पतीएवढा सर्वज्ञ असला तरी महिमा वाढेल या भयाने वेडेपणाच्या आड लपतो. आणि लोभी माणूस जीव गेला तरी पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, तसा अदंभी पुरुष आपले सत्कृत्य प्रकट करीत नाही. आपला व्यवहार नेमका उलटा असतो. बरे झालेले रुग्ण आपण सांगत सुटतो आणि चुकलेले रुग्ण पुरून ठेवतो.

यासाठी मी स्वतःपुरता एक लहान नियम केला आहे, तो मित्रत्वाच्या नात्याने आपल्यापुढे ठेवतो. रात्री पाच मिनिटे बसावे. हृदयाचा चौरंग मांडावा. त्यावर ज्याची श्रद्धा असेल ते दैवत असावे, श्रद्धा नसेल तर दिवसभरातील एखाद्या रुग्णाचा चेहरा असावा. मग दोन गोष्टी आठवाव्यात. आज स्वीकारलेला कोणता नमस्कार खरोखर दुसऱ्या कोणाचा होता? आणि आज कोणाचे म्हणणे मी त्याच्या पदावरून, कपड्यांवरून किंवा बोलीवरून बाजूला सारले? उत्तर सापडले की तोच त्या दिवसाचा धूप. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचा नमस्कार होता त्याला तो पोचवावा, ज्याचे ऐकले नाही त्याला पुन्हा विचारावे. असे केल्याखेरीज धूप जळाला असे मानू नये. मनातली पूजा कोणी पाहत नाही, म्हणून तीत दिखाऊपणाला वाव कमी. पण कोणी पाहत नाही म्हणूनच तीत स्वतःला फसविणेही सोपे. मानसपूजा खरी की खोटी हे सकाळी वॉर्डात कळते.

माझी ही साधना पूर्ण झाली आहे असे कृपया समजू नये. अजूनही वॉर्डात कोणी टोकले की कपाळावर आठी उमटतेच. फरक एवढाच, की आठी उमटली हे आता मला कळते.

आपले बोरगाव पूर्वी शेतीचे गाव, पुढे औद्योगिक वसाहतीमुळे ठिकठिकाणच्या माणसांचे झाले. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, आपला परिसर नव्या नकाशावर आला. नवी रुग्णालये येतील, नवी यंत्रे येतील, नागपूरला धाव घेण्याची निकड कदाचित कमी होईल. हे सारे व्हावे. त्यासोबत आपल्या प्रत्येक दवाखान्यात फरशी पुसणारी मावशी डॉक्टरांच्या दाराशी निर्भयपणे दुसऱ्यांदाच नव्हे, तिसऱ्यांदाही येऊ शकावी, एवढे आपण आपल्या हातांनी घडवू शकतो.

ती मावशी पुढे निवृत्त झाली. त्या तरुणाला आणि त्याच्या आईला मी नंतर सर्व सांगितले होते. दर वर्षी आंबिया बहाराची संत्री उतरली की तो एक टोपली घेऊन येतो. टोपली माझ्या टेबलावर न ठेवता तो विचारतो, 'मावशीचं घर कोन्या गल्लीत हाय जी?' त्याला पत्ता पाठ आहे. तरी तो दर वर्षी विचारतो आणि मी दर वर्षी सांगतो.